२०२० चा कॉलेज फुटबॉल सीझन तक्त्यात कसा मांडायचा?

तक्ताकार (मूळ प्रश्न)

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटाचा, म्हणजे एफबीएसचा, सीझनवार तक्ता बनवतोय. एका संघाची एका वर्षाची एक ओळ, एवढाच आराखडा. २०१९ पर्यंत तो नीट चालतो: नियमित १२ सामने, पुढे गेले तर कॉन्फरन्सची (संघांच्या लीगची) फायनल, मग बाउल (सीझननंतरचा खास सामना). २०२० आलं की सगळंच विस्कटतं. अलाबामा १३-० (विजय-पराभव), ओहायो स्टेट ७-१, कॅल १-३, मॅसॅच्युसेट्स ०-४ आणि कनेक्टिकटची ओळ रिकामीच.

रद्द झालेला सामना हार धरायचा का, आणि तो पुढे ढकललेल्या सामन्यापासून वेगळा कसा ओळखायचा? तेव्हा संघात ८५ स्कॉलरशिपवाले असायचे, वर वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारे) धरले तर शंभराच्या पुढे आकडा जायचा. मग मोजके जण पॉझिटिव्ह आले की अख्खा सामना का बंद पडायचा? बिग टेन या कॉन्फरन्समध्ये फायनलसाठी किमान सहा सामन्यांची अट होती, तरी पाचच खेळलेला ओहायो स्टेट फायनलला कसा गेला? आणि खेळाडूंच्या यादीत एकच मुलगा लागोपाठ दोन वर्षं 'फ्रेशमन' (पहिल्या वर्षाचा) दिसतो, ती नोंद चुकीची आहे की बरोबर?

'कोविडमुळे' अशी एका शब्दाची तळटीप टाकून मोकळं व्हायचं नाहीये. कारणं कळली तर कोणता रकाना हवा ते ठरवता येईल.

---

चौथा_डाऊन

२०२० ला एक सीझन धरलंत की तक्ता मोडणारच. एफबीएसमध्ये दहा कॉन्फरन्स होत्या आणि त्या वर्षी प्रत्येकीनं आपापलं कॅलेंडर आखलं. एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) एफबीएसची राष्ट्रीय स्पर्धा स्वतः भरवत नाही, त्यामुळे 'सगळ्यांनी थांबा' किंवा 'सगळ्यांनी खेळा' असं सांगणारं एकच कुणी नव्हतं. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

घटनांचा क्रम असा. १२ मार्च २०२० ला एनसीएएनं बास्केटबॉलसह हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. त्याबरोबर फुटबॉलची स्प्रिंग प्रॅक्टिसही थांबली. तिची १५ सत्रं मिळतात. काही संघांची बरीचशी उरकली होती, अलाबामाचं एकही झालं नव्हतं. १ जूनपासून खेळाडूंना कॅम्पसवर ऐच्छिक सरावाची परवानगी मिळाली. ८ जुलैला आयव्ही लीगनं शरद ऋतूतले खेळ थांबवले (ती एफसीएसमध्ये, म्हणजे खालच्या गटात, येते, तुमच्या तक्त्यात नाही, पण बाकीच्यांचं लक्ष तिच्याकडे होतं). लगेच ९ आणि १० जुलैला बिग टेन आणि पॅक-१२ नं फक्त कॉन्फरन्समधलेच सामने खेळायचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये पडझड सुरू झाली: ५ तारखेला कनेक्टिकट, ८ ला मॅक (मिड-अमेरिकन कॉन्फरन्स), १० ला माउंटन वेस्ट, ११ ला बिग टेन आणि पॅक-१२.

एसईसी, एसीसी आणि बिग १२ या कॉन्फरन्स थांबल्या नाहीत. नंतर थांबलेलेही परत आले. बिग टेननं १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला, पॅक-१२ आणि माउंटन वेस्टनं २४ ला, मॅकनं २५ ला. पण परतीच्या तारखा वेगळ्या, म्हणून ठरलेल्या सामन्यांची संख्याही वेगळी. एसईसीचे १० सामने, सुरुवात २६ सप्टेंबर. एसीसीचे १० अधिक कॉन्फरन्सबाहेरचा एक, आणि एरवी स्वतंत्र असणारा नोत्र दाम त्या एका वर्षापुरता एसीसीत. बिग १२ चे ९ अधिक एक. बिग टेनचे आठ, सुरुवात २३-२४ ऑक्टोबर. मॅकचे सहा, ४ नोव्हेंबरपासून. पॅक-१२ चे सात, ६-७ नोव्हेंबरपासून.

आता कॅलेंडरमधल्या मोकळ्या जागा पाहा. माझ्या मते किती सामने ठरले होते त्याहून हे महत्त्वाचं आहे. एसईसीनं प्रत्येक संघाला मध्ये एक सुट्टीचा आठवडा दिला होता आणि १२ डिसेंबर राहिलेल्या सामन्यांसाठी मोकळा ठेवला होता. त्यामुळे फ्लोरिडाच्या संघात साथ पसरली तेव्हा १७ ऑक्टोबरचा एलएसयूविरुद्धचा सामना १२ डिसेंबरला हलवता आला. एसईसीच्या ठरलेल्या ७० पैकी ६८ सामने झाले. बिग टेनचं उलट. २४ ऑक्टोबर ते १२ डिसेंबर म्हणजे आठ शनिवार आणि आठच सामने. एक चुकला की भरून काढायला दिवसच नाही. ऑगस्टमधल्या निर्णयाची खरी किंमत इथे मोजावी लागली. पाच-सहा आठवडे आधी सुरू केलं असतं तर रद्द झालेले कितीतरी सामने फक्त पुढे ढकलले गेले असते.

ओहायो स्टेटचे तीन सामने असेच गेले: मेरीलँड (समोरच्या संघात साथ), इलिनॉय (स्वतःच्या संघात साथ), मिशिगन (पुन्हा समोरच्या संघात). १९१८ पासून दरवर्षी होत आलेली मिशिगन-ओहायो स्टेट लढत १०२ वर्षांनी पहिल्यांदा चुकली. सहा सामन्यांची अट ९ डिसेंबरला कॉन्फरन्सनंच काढून टाकली, म्हणून ५-० असलेला ओहायो स्टेट फायनलला गेला आणि १९ डिसेंबरला नॉर्थवेस्टर्नला २२-१० हरवलं. अट राहिली असती तर त्याच गटातला इंडियाना गेला असता, जो २१ नोव्हेंबरला ओहायो स्टेटकडून ४२-३५ हरला होता. सीझनच्या मध्यावर अट बदलणं वाईटच. पण तीनपैकी दोन सामने दुसऱ्याच्या आजारपणामुळे गेलेल्या संघाला त्याची शिक्षा देणं मला त्याहून वाईट वाटतं.

रद्द सामना हार नाही. अधिकृत नोंद 'नो कॉन्टेस्ट', म्हणजे विजय-पराभवाच्या आकड्यात त्याला जागाच नाही. तुमच्याकडे तीन रकाने हवेत: ठरलेले, झालेले, आणि आयत्या वेळी नव्यानं ठरवलेले. तिसरा विसरू नका. बीवाययू आणि कोस्टल कॅरोलिना यांचा सामना गुरुवारी ३ डिसेंबरला ठरला आणि शनिवारी ५ ला खेळला गेला, कारण कोस्टलचा प्रतिस्पर्धी लिबर्टी माघारी गेला होता. कोस्टल २२-१७ जिंकला, बीवाययूचा शेवटचा प्रयत्न गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे अडला. तसंच कॅल आणि यूसीएलए: दोघांचेही प्रतिस्पर्धी गळाले म्हणून शुक्रवारी ठरवून रविवारी १५ नोव्हेंबरला सकाळी खेळले. मूळ वेळापत्रकावरून तक्ता भरलात तर हे दोन्ही सामने गायब होतील.

---

प्रयोगशाळा

'मोजके जण पॉझिटिव्ह आले तर सामना का बंद' याचं उत्तर मुख्यतः क्वारंटाइनच्या हिशेबात आहे.

सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या तेव्हाच्या नियमानुसार पॉझिटिव्ह माणसाचं आयसोलेशन लक्षणं दिसल्यापासून १० दिवस (लक्षणं नसतील तर चाचणीपासून), आणि शेवटचे २४ तास औषधाविना ताप नसावा. त्याच्या निकट संपर्कात आलेल्याचं क्वारंटाइन मात्र १४ दिवस, आणि मधल्या निगेटिव्ह चाचणीनं ते संपत नव्हतं. म्हणजे आजारी माणसापेक्षा त्याच्या शेजारी बसलेला निरोगी माणूस जास्त दिवस बाहेर. सोमवार धरून मोजा. सोमवारी पॉझिटिव्ह आलेला पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी सुटतो, त्याचा एक शनिवार जातो. सोमवारी त्याच्या संपर्कात आलेला दोन आठवड्यांनी सोमवारी सुटतो, त्याचे दोन शनिवार जातात. एका पॉझिटिव्हमागे चार संपर्क निघाले तर एक अधिक आठ, असे नऊ 'खेळाडू-सामने' गेले, आणि त्यातले आठ निरोगी मुलांचे. सामना बंद पाडणारी संख्या ही.

निकट संपर्क म्हणजे सहा फुटांच्या आत १५ मिनिटं. आधी ती सलग १५ मिनिटं समजली जायची. २१ ऑक्टोबर २०२० ला सीडीसीनं व्याख्या बदलून २४ तासांत मिळून १५ मिनिटं केली. सीझनच्या मध्यातच जाळं रुंद झालं. २ डिसेंबरला उलटा बदल झाला: लक्षणं नसतील तर चाचणीशिवाय १० दिवस आणि निगेटिव्ह चाचणीसह ७ दिवस असे पर्याय आले. रद्द सामन्यांची कारणं नोंदवणार असाल तर या दोन तारखा शेजारी लिहून ठेवा, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीचे आणि नोव्हेंबरचे आकडे एका मापानं मोजलेले नाहीत.

मैदानावरचा संपर्क त्यात फारसा नसायचा, हे बऱ्याच जणांना पटत नाही. एक प्ले (एक चाल) काही सेकंदांचा, आणि समोरासमोर तेच दोघे असले तरी मिनिटांची बेरीज थोडीच. मिनिटं भरायची ती मीटिंगच्या खोलीत, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर आणि वसतिगृहाच्या खोलीत. एसईसीनं यासाठी किनेक्सॉनचे अंगावर घालायचे सेन्सर वापरले, कोण कुणाजवळ किती वेळ होता ते त्यात नोंदलं जायचं. आठवणीवर विसंबून केलेल्या चौकशीत 'आम्ही लांब बसलो होतो' एवढंच ऐकू येतं, आणि खात्री नसली की आरोग्य अधिकारी अख्खी खोली बाहेर ठेवतात.

आता चाचण्यांबद्दल. एसईसीत सीझन सुरू झाल्यावर आठवड्याला तीन चाचण्या. बिग टेन आणि पॅक-१२ परतले ते रोजच्या अँटिजेन चाचणीच्या भरवशावर. अँटिजेनचा निकाल मिनिटांत मिळतो, पण संसर्गाच्या पहिल्या दिवसात विषाणू कमी असताना ती चुकते. शिवाय रोज इतक्या माणसांची चाचणी केली की खोटे पॉझिटिव्ह येणारच. समजा चाचणीची विशिष्टता (संसर्ग नसलेल्याला निगेटिव्ह ठरवण्याचं प्रमाण) ९९.५ टक्के आहे आणि रोज १६० जणांची तपासणी होते. कुणालाही संसर्ग नसला तरी रोज सरासरी ०.८ पॉझिटिव्ह, म्हणजे आठवड्यात पाच-सहा. म्हणून अँटिजेन पॉझिटिव्ह आल्यावर पीसीआरनं खात्री करायची अट होती. तोवर तो खेळाडू आणि त्याचे संपर्क बाजूला.

पीसीआरही चुकते. अलाबामाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांचा १४ ऑक्टोबरचा निकाल पॉझिटिव्ह आला, लक्षणं नव्हती. एसईसीच्या नियमात अशा माणसाला २४-२४ तासांच्या अंतरानं तीन निगेटिव्ह पीसीआर मिळाले तर सोडायची तरतूद होती. तिसरा निगेटिव्ह सामन्याच्या दिवशी आला आणि १७ तारखेला ते जॉर्जियाविरुद्ध मैदानाच्या कडेला उभे होते (अलाबामा ४१-२४). २५ नोव्हेंबरला पुन्हा पॉझिटिव्ह आले, या वेळी सौम्य लक्षणांसह. लक्षणं असल्यावर ती पळवाट बंद, त्यामुळे २८ तारखेचा ऑबर्नविरुद्धचा सामना चुकला. तेव्हा सूत्रं सहायक प्रशिक्षक स्टीव्ह सार्किशियन यांच्याकडे होती. प्रशिक्षकांचा रकाना असेल तर त्या ओळीला खूण करा.

उलट चूकही व्हायची. २१ नोव्हेंबरचा क्लेम्सन-फ्लोरिडा स्टेट सामना सुरू व्हायच्या काही तास आधी थांबला. क्लेम्सनच्या एका खेळाडूला आठवड्यात लक्षणं होती, पण चाचण्या निगेटिव्ह येत होत्या. तो संघाबरोबर प्रवासाला गेला आणि शुक्रवारची चाचणी पॉझिटिव्ह निघाली. लक्षणं असताना निगेटिव्ह निकालावर भरवसा ठेवायचा नसतो, हा साधा नियम पाळला असता तर तो मुलगा विमानात बसलाच नसता.

---

मधली_फळी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा. किती खेळाडू बाहेर यापेक्षा कुठल्या जागेवरचे बाहेर हे पाहावं लागतं.

एसईसी आणि पॅक-१२ या दोघांची किमान अट अशी: ५३ स्कॉलरशिप खेळाडू उपलब्ध हवेत, त्यात ७ ऑफेन्सिव्ह लाइनचे (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी), ४ डिफेन्सिव्ह लाइनचे (तिला समोरून भिडणारी फळी) आणि १ क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा). यापैकी एक जरी आकडा खाली गेला तर सामना थांबवण्याची विनंती करता येत होती. संघाला हवं असेल तर कमी संख्येतही खेळता येत होतं.

लाइनचा वेगळा आकडा का? १२५ किलोच्या वरचं वजन आणि त्या जागेचं तंत्र दुसऱ्या जागेवरून उसनं आणता येत नाही. कॉर्नरबॅक कमी पडला तर सेफ्टीला सरकवता येतं, रिसीव्हरला तिकडे उभं करता येतं. पण ९० किलोच्या लाइनबॅकरला लाइनमधल्या गार्डच्या जागी उभं केलं तर क्वार्टरबॅकचा आणि त्याचा स्वतःचा, दोघांचाही जीव धोक्यात. शिवाय ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण प्रत्येक प्लेला मैदानात असतात. सातपैकी दोघं दुखावले की उरलेल्या पाचांना सलग ७०-८० प्ले खेळावे लागतात आणि थकलेल्या पायांवर गुडघे जातात.

आणि गंमत नाही, पण दुर्दैव असं की एका जागेवरची मुलं दिवसभर एकत्रच असतात. त्यांची मीटिंगची खोली एक, प्रशिक्षक एक, बऱ्याचदा राहण्याची खोलीही एक. त्यामुळे क्वारंटाइन कधीच संघभर सारखं पसरत नाही, ते एका जागेला धरून बसतं. कॅलचा ७ नोव्हेंबरचा वॉशिंग्टनविरुद्धचा सामना एका पॉझिटिव्हमुळे गेला, कारण संपर्कात अख्खी डिफेन्सिव्ह लाइन अडकली. शंभरातले नव्वद जण ठणठणीत असले तरी सामना होत नाही.

व्हँडरबिल्टचे किकर असेच क्वारंटाइनमध्ये गेले. मग २८ नोव्हेंबरला मिसुरीविरुद्ध किकला उतरली ती त्याच विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर, तेव्हाच्या पाच मोठ्या, म्हणजे पॉवर फाइव्ह, कॉन्फरन्सच्या सामन्यात खेळलेली पहिली महिला. १२ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध तिनं एक्स्ट्रा पॉइंटही मारले. तिलाच का बोलावलं, यात व्यावहारिक मुद्दा आहे: ती नुकतीच आपल्या संघाबरोबर एसईसी स्पर्धा खेळून आली होती, म्हणजे चाचण्यांच्या साखळीत आधीपासून होती. बाहेरचा कुणी आणला असता तर त्याच्या चाचण्यांतच आठवडा गेला असता. व्यावसायिक फुटबॉलमध्येही दुसऱ्याच दिवशी तेच झालं, डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक एकाच संपर्कातून बाहेर गेले आणि एका रिसीव्हरला ती जागा सांभाळावी लागली.

शहाण्या संघांनी यावर काढलेले उपाय साधे होते. पहिल्या आणि दुसऱ्या फळीचे खेळाडू एका खोलीत ठेवायचे नाहीत. तीन क्वार्टरबॅकपैकी एकाला मीटिंगला व्हिडिओवरून बसवायचं. मीटिंग मैदानात उभ्यानं, दहा मिनिटांत आटपायची. लाइनच्या मुलांच्या वसतिगृहातल्या जोड्या मोडून प्रत्येकाला वेगळ्या जागेवरचा सोबती द्यायचा. यात सराव बिघडतो, कारण पाच जणांच्या लाइनला एकमेकांचे इशारे एकत्र बसूनच अंगवळणी पडतात. त्या वर्षी बऱ्याच संघांच्या ब्लॉकिंगमध्ये सुरुवातीला जे ढिलेपण दिसलं, त्यात याचा वाटा मोठा असावा असं माझं मत.

खंडानंतर परतताना होणाऱ्या दुखापतीही तक्त्यात कारण म्हणून दिसतील. दोन-चार आठवडे बसलेल्या खेळाडूला एकदम पूर्ण भार दिला की हॅमस्ट्रिंग फाटतात, आणि उन्हात उष्माघात किंवा स्नायू विरघळण्याचा धोका असतो. स्ट्रेंथ प्रशिक्षकांच्या संघटनांनी २०१९ मध्येच मार्गदर्शन दिलेलं होतं. चार आठवड्यांच्या परतीत धावण्या-कंडिशनिंगचा भार नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा पहिल्या आठवड्यात ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १० टक्के कमी. पहिल्या आठवड्यात कामाच्या किमान चौपट विश्रांती. त्यावर एनसीएएची तेव्हाची उन्हाची सवय करायची पाच दिवसांची पायरी: दोन दिवस फक्त हेल्मेट, दोन दिवस हेल्मेट आणि शोल्डर पॅड, पाचव्या दिवशी सगळी साधनं. अडचण ही की १४ दिवस खोलीत बसलेला मुलगा सोमवारी सुटायचा आणि शनिवारी सामना असायचा. चार आठवड्यांची पायरी चार दिवसांत बसवायची म्हणजे काहीतरी तुटणारच.

---

तक्ताकार

फारच उपयोगी, आभार. आता बिग टेनचं कोडं उरलं. विस्कॉन्सिनचे नेब्रास्का आणि पर्ड्यूविरुद्धचे सामने पाठोपाठ गेले. तिथे किमान संख्येचा प्रश्न होता का? आणि एकदा पॉझिटिव्ह आलेले खेळाडू तीन-तीन सामने का दिसत नाहीत? वर तर १० दिवस म्हटलंय.

---

प्रयोगशाळा

तिथे मोजमाप वेगळं होतं, टक्क्यांचं. सात दिवसांची सरकती सरासरी घ्यायची आणि दोन आकडे पाहायचे. एक, एकूण चाचण्यांपैकी किती पॉझिटिव्ह: २ टक्क्यांपर्यंत हिरवा, २ ते ५ नारिंगी, ५ च्या वर लाल. दुसरा, संघ आणि कर्मचारी मिळून एकूण माणसांपैकी किती जण पॉझिटिव्ह: ३.५ टक्क्यांपर्यंत हिरवा, ७.५ पर्यंत नारिंगी, त्यावर लाल. लाल आणि लाल असा जोड आला की सराव आणि सामने किमान सात दिवस बंद.

रोज चाचणी असल्यानं पहिल्या आकड्याचा छेद प्रचंड मोठा होतो. १७० माणसं, सहा दिवस, म्हणजे हजारावर चाचण्या. १२ जण पॉझिटिव्ह आले तरी १.२ टक्केच. दुसरा आकडा मात्र १२ भागिले १७०, म्हणजे ७ टक्क्यांच्या वर, लालच्या उंबरठ्यावर. एकाच आठवड्याचे दोन आकडे इतके लांब पडतात, म्हणून 'पॉझिटिव्हिटी किती' एवढंच लिहिलंत तर काहीच कळणार नाही. छेद कोणता ते लिहा.

विस्कॉन्सिनमध्ये २३ ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्यानंतर (इलिनॉय, ४५-७) २८ तारखेला १२ जण पॉझिटिव्ह होते, सहा खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षकासह सहा कर्मचारी. संघ विद्यापीठानं स्वतःहून थांबवला. नोंद करताना 'कॉन्फरन्सचा आदेश' लिहू नका.

तीन सामन्यांचं कारण २१ दिवस. बिग टेनमध्ये पॉझिटिव्ह आलेला खेळाडू किमान २१ दिवस सामना खेळू शकत नव्हता. १० दिवस आयसोलेशन, मग हृदयाची तपासणी, मग हळूहळू सराव. आठ आठवड्यांच्या सीझनमध्ये हे सीझनचं एक तृतीयांशहून जास्त. डिसेंबरच्या मध्यावर ते १७ दिवसांवर आणलं.

इतकी कडक अट हृदयाच्या स्नायूच्या दाहाच्या, मायोकार्डायटिसच्या, भीतीनं आली होती. ती भीती खोटी नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये जामा कार्डिऑलॉजीत ओहायो स्टेटच्या २६ खेळाडूंचा अभ्यास आला, त्यात एमआरआयवर ४ जणांत तशा खुणा दिसल्या, म्हणजे १५ टक्के. २६ हा लहान आकडा. पुढे मे २०२१ मध्ये बिग टेनचीच मोठी नोंद आली: १५९७ खेळाडूंचा एमआरआय, ३७ जणांत दाह, २.३ टक्के. प्रमाण पुष्कळ खाली आलं. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाब विसरली जाते: फक्त लक्षणांवर अवलंबून राहिले असते तर ३७ पैकी ५ च सापडले असते. ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन, इको आणि एमआरआय या चारांपैकी एमआरआयनंच बाकीचे शोधले. त्यातल्या किती जणांना खरंच धोका होता हा वेगळा प्रश्न आहे, पण २०२० च्या शरद ऋतूत निर्णय घेणाऱ्यांकडे २६ चाच आकडा होता.

इतर कॉन्फरन्समध्येही तपासणी होती, मुदत कमी. क्लेम्सनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स ऑक्टोबरच्या शेवटी पॉझिटिव्ह आला, बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना चुकला. ७ नोव्हेंबरला नोत्र दामला तो संघाबरोबर गेला, मैदानाच्या कडेला उभाही राहिला, पण हृदयाची तपासणी आणि सराव पुरा न झाल्यानं खेळू शकला नाही. क्लेम्सन दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४७-४० हरला.

आणखी एक रकाना सुचवतो: संघात साथ कधी आली. एकदा बाधित झालेल्याला सीडीसीच्या नियमानं ९० दिवस पुन्हा चाचणी आणि संपर्काचं क्वारंटाइन लागू नव्हतं, कारण बरा झालेल्याच्या नाकातले विषाणूचे मेलेले तुकडेही पीसीआरला पॉझिटिव्ह दिसतात. त्यामुळे ज्या संघात साथ ऑगस्टमध्येच येऊन गेली, त्याचे सामने पुढे कमी बुडाले. बुडालेल्या सामन्यांच्या संख्येवरून 'या संघानं काळजी घेतली, त्यानं नाही' असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल.

---

चौथा_डाऊन

पात्रता आणि आकडेवारीचं राहिलं होतं.

फ्रेशमन दोनदा दिसतात ते बरोबर आहे. एनसीएएनं २१ ऑगस्ट २०२० ला शरद ऋतूतल्या सगळ्या खेळाडूंना एक वर्ष जादा दिलं, किती सामने खेळले याचा संबंध न ठेवता. २०१८ पासूनचा 'चार सामन्यांपर्यंत खेळलं तर वर्ष मोजलं जात नाही' हा रेडशर्टचा नियम त्या वर्षापुरता निरर्थक झाला. म्हणून इयत्तेवरून वय किंवा अनुभव काढायचा नाही. खेळाडू कॉलेजात कुठल्या वर्षी आला ते वेगळ्या रकान्यात ठेवा. २०२१ मध्ये परतलेल्या सीनियरना (शेवटच्या वर्षाच्यांना) ८५ च्या मर्यादेतून वगळलं होतं, त्यामुळे काही संघांची स्कॉलरशिप संख्या ८५ च्या वर दिसेल, तीही चूक नाही. एवढंच की ती सवलत फक्त सीनियरना होती. बाकीच्यांचं जादा वर्ष नंतर ८५ च्या आतच बसवावं लागलं आणि त्याची झळ शाळेतून नव्यानं येणाऱ्या मुलांना बसली. याबद्दल फार कमी बोललं जातं.

स्वतःहून न खेळलेले वेगळे: जमार चेस (एलएसयू), पेनेई सूएल (ओरेगन), मायका पार्सन्स (पेन स्टेट). त्यांना दुखापत किंवा निलंबनाच्या खुणेत घालू नका. तिघेही २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांची खेळाडूनिवड) पहिल्या बारात गेले.

एकूण यार्डांवर क्रमवारी लावली तर फसाल. आयोवा स्टेटचा ब्रीस हॉल १२ सामन्यांत १५७२ यार्ड धावला, देशात सर्वाधिक. बफेलोचा जॅरेट पॅटरसन सहा सामन्यांत १०७२. सामन्यामागे पहिला १३१, दुसरा जवळजवळ १७९. पण सहा सामन्यांच्या सरासरीत एकच दिवस केवढा जड होतो तेही पाहा: २८ नोव्हेंबरला केंट स्टेटविरुद्ध पॅटरसननं ४०९ यार्ड आणि आठ टचडाऊन केले. तो दिवस वगळला तर सरासरी १३३ वर येते. म्हणून दोन्ही आकडे, आणि शेजारी सामन्यांची संख्या.

बाउलसाठी सहा विजयांची अट त्या वर्षी नव्हती. मिसिसिपी स्टेट ३-७ असताना बाउल खेळला आणि जिंकला, ४-७ ही नोंद खरी आहे. रोझ बाउल १ जानेवारी २०२१ ला टेक्सासात आर्लिंग्टनला झाला, कारण कॅलिफोर्नियात खेळाडूंच्या घरच्यांनाही आत सोडायला परवानगी नव्हती. याआधी पॅसाडिनाबाहेर गेला होता तो १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर. मैदानाचं नाव बाउलच्या नावावरून आपोआप भरत असाल तर हे हातानं दुरुस्त करा.

---

मधली_फळी

एक छोटी भर. शून्य सामने असलेल्या ओळी तीन धरल्या जातात: कनेक्टिकट, ओल्ड डोमिनियन आणि न्यू मेक्सिको स्टेट. पहिल्या दोन खरंच रिकाम्या. न्यू मेक्सिको स्टेट मात्र २०२१ च्या वसंतात दोन सामने खेळला, एफसीएस संघांविरुद्ध, आणि ते २०२० च्या सीझनमध्येच मोजले जातात. एफसीएसचा तर जवळजवळ अख्खा सीझन तसाच वसंतात गेला, फायनल १६ मे २०२१ ला झाली. सामन्याच्या तारखेवरून सीझन ठरवणारं सूत्र असेल तर ते काढून टाका, सीझनचं वर्ष स्वतंत्र रकान्यात लिहा. वॉशिंग्टनच्या ३-१ या ओळीलाही तळटीप हवी: गट जिंकूनही लाइनमधले खेळाडू कमी पडल्यानं ते पॅक-१२ च्या फायनलमधून बाहेर पडले. त्यांच्या जागी ओरेगन गेला आणि यूएससीला ३१-२४ हरवून विजेता ठरला.